लॉबिंग कायद्याचा एक तुकडा पडला, तर बाकीचा उभा राहतो का?

लॉबिंग म्हणजे कायद्यांवर आणि सरकारी निर्णयांवर प्रभाव टाकण्यासाठी लोकप्रतिनिधींशी आणि अधिकाऱ्यांशी संपर्क साधणे. प्रश्न थोडक्यात असा आहे. लॉबिंगची माहिती उघड करायला लावणाऱ्या अमेरिकेच्या १९९५ च्या लॉबिंग डिस्क्लोजर अ‍ॅक्टच्या तेराव्या कलमात म्हटले आहे की कायद्यातली एखादी तरतूद कोर्टाने अवैध ठरवली तरी बाकीचा कायदा चालूच राहील. असे सेव्हरेबिलिटी कलम, म्हणजे आपल्या पुस्तकांतली पृथक्करणीयता, तिकडच्या बऱ्याच कायद्यांच्या शेपटाला असते. मग त्याला खरेच काही किंमत आहे का? आणि भारतात कधी लॉबिंगचा कायदा झालाच, तर हेच कलम उचलून त्यात टाकले की भागेल का? विचारणारी विद्यार्थिनी एलएलएमचा प्रबंध लिहिते आहे, म्हणून जरा खोलात जाऊन लिहितो.

मी वॉशिंग्टनमध्ये लॉबिंग फर्म आणि व्यापारी संघटनांच्या नोंदणीची आणि तिमाही अहवालांची कामे बरीच वर्षे पाहतो आहे. या कलमाची आठवण अशिलांना एरवी होत नाही. कुणीतरी कायद्याला आव्हान दिल्याची बातमी आली की मात्र फोन सुरू होतात: ‘आता फाइलिंग थांबवायचे ना?’ माझे उत्तर दर वेळी ‘नाही’ असते. त्या ‘नाही’च्या मागे तेरावे कलम उभे असते खरे, पण ते एकट्याच्या बळावर उभे नसते.

माझे मत आधीच सांगतो. सेव्हरेबिलिटी कलम कायदा वाचवत नाही. व्याख्या, सवलती आणि दंडाची कलमे कशी लिहिली आहेत, त्यावर कायदा वाचतो किंवा बुडतो. शिवण असेल तिथे कापड उसवता येते, नसेल तिथे ते फाटते. तेराव्या कलमाचा अर्थ एवढाच, की उसवायला आमची हरकत नाही.

हे पटवायला १९५४ च्या हॅरिस खटल्यापासून सुरुवात करावी लागते, कारण त्याबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. १९४६ चा फेडरल रेग्युलेशन ऑफ लॉबिंग अ‍ॅक्ट हा खरे तर काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, पुनर्रचनेसाठी केलेल्या एका मोठ्या कायद्याचा तिसरा भाग होता आणि त्याचा मसुदा ढिसाळ होता. कायदे मंजूर करण्यावर किंवा पाडण्यावर ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष’ प्रभाव टाकण्यासाठी पैसे गोळा करणारा किंवा घेणारा कुणीही त्याच्या जाळ्यात येत होता. मग वर्तमानपत्रात लेख लिहायला कुणाला पैसे दिले तर? लोकांना पत्रे पाठवायला सांगितले तर? या कायद्याखाली हॅरिस आणि इतरांवर खटला भरला गेला, तेव्हा वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने आरोपपत्रच फेटाळले. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी तो निर्णय फिरवला. सरन्यायाधीश अर्ल वॉरेन यांनी निकालपत्र लिहिले.

पुष्कळ विद्यार्थी लिहितात की तिथे सेव्हरेबिलिटी कलमाने कायदा वाचवला. तसे नाही. वॉरेन यांनी मुख्य कलमांतला एकही शब्द कापला नाही, त्यांनी अर्थ आवळला. व्यक्तीने पैसे मागितले, गोळा केले किंवा स्वीकारले असले पाहिजेत. कायद्यावर प्रभाव टाकणे हा त्यामागच्या मुख्य हेतूंपैकी एक असला पाहिजे. आणि हे काम काँग्रेसच्या सदस्यांशी थेट संपर्क साधून व्हायचे असले पाहिजे. या तिन्ही अटी लावल्या तर कायदा अमेरिकी संविधानाच्या पहिल्या घटनादुरुस्तीच्या, म्हणजे भाषणस्वातंत्र्य आणि गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देणाऱ्या तरतुदीच्या, कसोटीला उतरतो, असे त्यांनी ठरवले. न्यायमूर्ती डग्लस आणि ब्लॅक यांना हे मान्य नव्हते. जॅक्सन यांनी वेगळी भिन्नमतपत्रिका लिहिली. त्यांचा रोख असा, की ज्या कायद्याचा अर्थ तो राबवणाऱ्या सरकारलाही लागत नाही, त्याची डागडुजी कोर्टाने का करावी. मला आजही जॅक्सन यांचे म्हणणे अधिक सरळ वाटते.

सेव्हरेबिलिटीचा उल्लेख निकालात येतो तो अगदी शेवटी. ३१० व्या कलमाचे दोन भाग होते. पहिल्या भागात शिक्षा होती: ५,००० डॉलरपर्यंत दंड, बारा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्या भागात, दोषी ठरलेल्या माणसाने पुढची तीन वर्षे लॉबिंगच करायचे नाही, अशी बंदी होती. सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क गुन्हेगारालाही असतो. त्यामुळे दुसऱ्या भागाची घटनात्मकता चांगलीच डळमळीत होती. वॉरेन यांनी त्या प्रश्नाला हातच घातला नाही. त्यांचा युक्तिवाद असा: कायद्यात सेव्हरेबिलिटीची तरतूद आहे, बंदी उद्या रद्द झाली तरी माहिती देण्याचे कर्तव्य आणि त्यासाठीची शिक्षा जागच्या जागी राहते, शिवाय बंदी ही पहिल्या शिक्षेच्या ‘व्यतिरिक्त’ आहे, असे कलमातच लिहिले आहे.

तो ‘व्यतिरिक्त’ शब्द नीट पाहा. शिक्षा आणि बंदी एकाच वाक्यात गुंफलेल्या असत्या, ‘कैद आणि तीन वर्षांची बंदी अशी शिक्षा होईल’ असे काही, तर बंदी काढल्यावर उरलेले वाक्य विधिमंडळाने केलेलेच वाक्य आहे का, असा प्रश्न आला असता. मसुदा करणाऱ्याने दोन उपकलमे केली, म्हणून सेव्हरेबिलिटी कलमाला काम करायला जागा मिळाली.

आता या बचावाची किंमत पाहा. आवळलेल्या अर्थाचा कायदा जवळपास चार दशके कागदावर जिवंत राहिला. ‘माझा मुख्य हेतू लॉबिंग नाही’, ‘मी सदस्यांना भेटत नाही, त्यांच्या कर्मचाऱ्यांना भेटतो’ असे म्हणून लोक बाजूला राहात. काँग्रेसच्या हिशेब तपासणाऱ्या जनरल अकाउंटिंग ऑफिसने १९९१ मध्ये पाहिले, तर वॉशिंग्टनमधल्या प्रतिनिधींच्या प्रसिद्ध डिरेक्टरीतल्या सुमारे १३,५०० नावांपैकी जवळजवळ १०,००० नावांची नोंदणीच नव्हती. माहिती उघड करायच्या कायद्यात ‘कायदा टिकला’ याचा अर्थ काय, हे मोजायचे असेल तर हा आकडा पुरे.

म्हणून १९९५ चा कायदा वाचताना मी तेराव्या कलमाकडे शेवटी जातो, आधी तिसऱ्याकडे. ‘लॉबिस्ट’ कोण हे तिथे ठरते: मोबदला घेणारा, एकाहून अधिक लॉबिंग संपर्क करणारा, आणि त्या अशिलासाठीच्या वेळेपैकी किमान वीस टक्के वेळ तिमाहीत लॉबिंगवर घालवणारा. ‘लॉबिंग संपर्क’ कशाला म्हणायचे आणि कशाला नाही, याची एक लांबलचक यादी त्याच कलमात आहे, कर्मचारी आणि कार्यकारी अधिकारीही त्यात धरले आहेत. चौथ्या कलमात नोंदणी, पाचव्यात अहवाल, सातव्यात शिक्षा. सातव्यातही दिवाणी दंड, आता २,००,००० डॉलरपर्यंत, वेगळा. आणि जाणूनबुजून, भ्रष्ट हेतूने केलेल्या उल्लंघनासाठी पाच वर्षांपर्यंतची कैद वेगळी. आठव्या कलमात सरळ लिहिले आहे की या कायद्याचा अर्थ गाऱ्हाणे मांडण्याच्या, मत मांडण्याच्या किंवा संघटनेच्या हक्कावर बंदी असा लावायचा नाही. सामान्य जनतेला उठवून पत्रे-फोन करायला लावण्याची मोहीम यात मुळातच नाही. १९५४ ला जे कोर्टाने करून दिले, त्यातले बरेचसे १९९५ ला मसुद्यातच केलेले आहे. तेराव्याला फारसे काम उरू नये, अशी ही रचना.

तेराव्याचे शब्द मात्र एकदा सुटे करून पाहायला हवेत, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादी ‘तरतूद’ अवैध ठरली तर उरलेला कायदा वैध; आणि एखादी तरतूद विशिष्ट व्यक्तीला वा परिस्थितीत ‘लागू करणे’ अवैध ठरले तर तीच तरतूद इतर व्यक्तींना आणि इतर परिस्थितींत लागू राहील. व्यवहारात दुसरा भाग जास्त उपयोगाचा. मिसुरी राज्यातल्या कॅलझोन खटल्यात एक नागरिक एक पैसा न घेता आणि आमदारांवर एक पैसा न खर्चता विधानसभेत जाऊन मते मांडत असे. त्याने लॉबिस्ट म्हणून नोंदणी करावी, असा राज्याचा आग्रह होता. आठव्या सर्किटच्या, म्हणजे त्या भागातल्या फेडरल अपील न्यायालयाच्या, पूर्ण पीठाने २०१९ मध्ये सांगितले की अशा माणसाला हा कायदा लावता येणार नाही. तो राज्याचा कायदा, फेडरल तेराव्या कलमाचा तिथे संबंध नव्हता. पण कापण्याची तऱ्हा तीच. कलमातला एकही शब्द पुसला गेला नाही, एका प्रकारच्या माणसापुरते ते थांबले, आणि पगारी लॉबिस्ट दुसऱ्या दिवशी नेहमीसारखेच कामाला गेले.

अशिलांना सगळ्यात जास्त आश्चर्य वाटते ते सवलतींबाबत. तिसऱ्या कलमाच्या त्या लांब यादीत काही संपर्क ‘लॉबिंग संपर्क’ मानलेले नाहीत. बातमी मिळवणाऱ्या पत्रकाराचा संपर्क त्यात येतो, आणि प्राप्तिकर विवरणपत्र भरण्यातून सूट असलेल्या चर्चचाही. समजा, एखाद्या धर्मनिरपेक्ष संस्थेने दावा केला की चर्चला सूट आणि आम्हाला नाही, हा भेदभाव आहे. आणि समजा कोर्टाला तो पटला. मग काय कापायचे? सूट कापली तर चर्चलाही अहवाल भरावा लागेल आणि दावा जिंकलेल्या संस्थेच्या पदरात काहीच पडणार नाही. कर्तव्यच कापले तर सगळेच मोकळे. तेरावे कलम असल्यावर पारडे पहिल्या बाजूला झुकते.

हे मी हवेत बोलत नाही. २०२० मध्ये राजकीय सल्लागारांच्या संघटनेने नेमका असाच दावा लढवला. मोबाइलवर यंत्राने फोन करण्याला १९९१ च्या कायद्याने बंदी होती. २०१५ मध्ये काँग्रेसने सरकारी कर्जवसुलीच्या फोनना त्यातून सूट दिली. सल्लागारांचे म्हणणे: ही सूट बोलण्याच्या विषयावरून भेद करते, म्हणून बंदीच घटनाबाह्य, आम्हाला राजकीय फोन करू द्या. सर्वोच्च न्यायालयाने भेद मान्य केला आणि सूट कापून टाकली. बंदी राहिली. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांच्या मुख्य निकालपत्राचा आधार १९३४ च्या दूरसंचार कायद्यातले सेव्हरेबिलिटी कलम होते. दावेदार तत्त्वतः जिंकले आणि हात हलवत परतले. न्यायमूर्ती गोर्सच यांनी यावर नाराजी नोंदवली. माझ्या मते ती रास्त होती, पण अशिलाला सल्ला देताना बहुमत पाहावे लागते. लॉबिंग कायद्यातल्या एखाद्या सवलतीवर हल्ला करायला कुणी आला की मी आधी एवढेच विचारतो: जिंकल्यावर तुम्हाला नेमके काय हवे आहे?

तिसरी गुंतागुंत दुरुस्त्यांची, आणि प्रबंधात तिला एक पूर्ण प्रकरण द्यायला हरकत नाही. नोंदणीच्या एलडी-१ या फॉर्मवर तेराव्या ओळीत संलग्न संस्थांची नावे विचारतात. (कलम तेरा आणि ओळ तेरा हा निव्वळ योगायोग, दरवर्षी नवी मुले त्यात फसतात.) १९९५ च्या मूळ मजकुराप्रमाणे, सहा महिन्यांत १०,००० डॉलरपेक्षा जास्त देणारी आणि लॉबिंगचे नियोजन किंवा नियंत्रण पूर्णपणे वा मोठ्या प्रमाणात करणारी संस्थाच दाखवायची होती. २००७ च्या दुरुस्ती कायद्याच्या २०७ व्या कलमाने हे बदलले: तिमाहीत ५,००० डॉलरपेक्षा जास्त, आणि नियोजनात ‘सक्रिय सहभाग’ पुरेसा. कारखानदारांच्या राष्ट्रीय संघटनेने, नॅशनल असोसिएशन ऑफ मॅन्युफॅक्चरर्सने, याला आव्हान दिले, कारण तिचे सदस्य कोण आणि कोण कशात सक्रिय आहे, हे त्यामुळे उघड होत होते. नव्या नियमांनुसार पहिला तिमाही अहवाल एप्रिल २००८ मध्ये भरायचा होता. त्याच महिन्याच्या ११ तारखेला जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला. अपिलात सप्टेंबर २००९ मध्ये न्यायमूर्ती मेरिक गार्लंड यांच्या निकालाने २०७ वे कलम कायम राहिले.

पण ते पडले असते तर? तेराव्या ओळीत काहीच लिहायचे नव्हते का? नाही. रद्द झालेली दुरुस्ती मुळात झालीच नव्हती, असे धरले जाते आणि जुना मजकूर परत उभा राहतो. १९२९ च्या फ्रॉस्ट खटल्यापासूनचा हा विचार आहे आणि कॅव्हनॉ यांनी २०२० मध्ये तोच वापरला. म्हणजे जुना निकष लावून ओळ भरायची. भारतीय वाचकांना हे ओळखीचे वाटेल: ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ९९ वी घटनादुरुस्ती रद्द केली, तेव्हा न्यायाधीश नेमण्याची आधीची कॉलेजियम पद्धत पुन्हा लागू असल्याचे निकालातच नमूद केले.

कॅलिफोर्नियाचा एक दाखला ओझरता देतो. तिथला १९७४ चा पोलिटिकल रिफॉर्म अ‍ॅक्ट मतदारांनी जनमताने केला. लॉबिस्टने महिन्याला दहा डॉलरपेक्षा जास्तीची भेट द्यायची नाही, असा त्यात नियम होता. १९७९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉबिस्टने राजकीय देणगीच द्यायची नाही ही सरसकट बंदी रद्द केली, माहिती देण्याच्या एका अतिव्यापक अटीलाही कात्री लावली, पण नोंदणी आणि भेटीची मर्यादा ठेवली. हे जमले कारण प्रत्येक मनाई वेगळ्या कलमात होती. कॅलिफोर्नियाची कसोटी पाठ करण्यासारखी आहे: कापायचा भाग व्याकरणाने सुटा हवा, उरलेला भाग एकट्याने चालला पाहिजे, आणि कापलेला भाग नसता तरी उरलेले मतदारांनी मंजूर केले असते, असे दिसले पाहिजे.

आता भारताचा भाग. लॉबिंगचा अमेरिकी कायदा आपल्याकडे घरोघरी पोहोचला तो डिसेंबर २०१२ मध्ये. वॉलमार्टने अमेरिकी काँग्रेसकडे भरलेल्या तिमाही अहवालांत भारतातल्या गुंतवणुकीचा विषय लिहिलेला होता, त्यावरून संसदेत गदारोळ झाला आणि निवृत्त मुख्य न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी समिती नेमली गेली. गंमत अशी, की सगळा वाद ज्या कागदावरून झाला तो कायद्याने उघड करायलाच लावलेला कागद होता. २०१३ मध्ये खासदार कालिकेश सिंह देव यांनी लॉबिंगची माहिती जाहीर करण्याविषयीचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. त्याचा कायदा झाला नाही.

भारतात सेव्हरेबिलिटी कलम नसले तरी कोर्टे कापतात. संविधानाच्या तेराव्या अनुच्छेदातच मूलभूत हक्कांशी ‘विसंगत असेल तेवढ्यापुरता’ कायदा शून्य होतो, असे म्हटले आहे. (पुन्हा तेरा. असो.) १९५१ च्या बलसारा निकालात मुंबई दारूबंदी कायद्यातून औषधी आणि प्रसाधनाच्या अल्कोहोलयुक्त वस्तूंपुरत्या तरतुदी काढल्या गेल्या आणि दारूबंदी राहिली. १९५७ च्या चमारबागवाला निकालात न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी कसोट्या घालून दिल्या, त्या आजही चालतात. त्यातली एक तुमच्या विषयाच्या नेमक्या वर्मावर बोट ठेवते: कापल्यानंतर उरलेला कायदा इतका रोडावला असेल की विधिमंडळातून बाहेर पडला तो हा नव्हेच, तर सगळाच रद्द करावा. या कसोटीवर हॅरिसमधला १९४६ चा कायदा टिकला असता का? मला शंका आहे. पण त्याच चमारबागवाला खटल्यात बक्षीस स्पर्धांच्या व्याख्येतून कौशल्याच्या स्पर्धा वगळून जुगारापुरता कायदा ठेवला गेला, म्हणजे व्याख्येला कात्री लावायला आपली कोर्टेही कचरत नाहीत. उलट टोक म्हणजे २०१५ चा श्रेया सिंघल निकाल. इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह संदेशांसाठी शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ इतके सरमिसळ होते की त्यातला वैध भाग निवडून ठेवता येईना, ते संपूर्ण गेले.

त्यामुळे भारतीय मसुदा करताना शेवटचे कलम एका ओळीचे ठेवा आणि वेळ दुसरीकडे घाला. पैसे घेऊन केलेले लॉबिंग, फुकट केलेले लॉबिंग आणि जनतेला उठवण्याची मोहीम या तिन्हींना एका व्याख्येत कोंबू नका. तिन्हींसाठी स्वतंत्र उपकलमे करा, कारण तिसऱ्यावर संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(अ), म्हणजे भाषण आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या हक्काखाली, हल्ला होणार हे आजच दिसते. माहिती न देण्याची शिक्षा आणि लॉबिंगची बंदी एकमेकांत गुंतवू नका. धार्मिक संस्था, कामगार संघटना, वृत्तपत्रे यांना सवलत द्यायची असेल तर सवलत पडल्यास काय व्हायचे, हे त्याच कलमात लिहा: सगळ्यांना कर्तव्य की सगळ्यांना सूट. साधे सेव्हरेबिलिटी कलम या प्रश्नाचे उत्तर देत नाही, ते कोर्टावर सोडते.

याच्या उलटही करता येते. २००१ मध्ये निवडणूक निधीच्या मॅकेन-फाइनगोल्ड विधेयकावर सिनेटमध्ये अशी सूचना आली होती की काही महत्त्वाच्या तरतुदी एकमेकींना बांधून ठेवाव्यात, एक पडली तर दुसरीही पडावी. सूचना फेटाळली गेली. तिच्या समर्थकांना तो तडजोडीचा समतोल वाटत होता, विरोधकांना विधेयकात पेरलेला सुरुंग. भारतात लॉबिंग विधेयक स्थायी समितीकडे गेले तर असे कलम कोण सुचवतो, यावर नजर ठेवा.

प्रबंधासाठी वाचनाचा क्रम सांगतो. हॅरिसचा निकाल शेवटून वाचा, आधी ३१० वे कलम, मग जॅक्सन, मग वॉरेन यांचा अर्थ आवळण्याचा भाग. त्यानंतर २०२० चा फोनचा निकाल, त्यातले उपायाविषयीचे भाग फक्त. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्रँडाइस यांचा १९२४ चा डॉर्ची निकाल छोटा आहे: सेव्हरेबिलिटी कलम हे अर्थ लावायला मदत करते, पण तो कोर्टाला मोडता न येणारा हुकूम नाही, असे त्यांनी तेव्हाच म्हणून ठेवले होते. कॅव्हनॉ यांचा सूर त्याहून कडक आहे, कलमात लिहिले आहे तर तसेच करा, असा. या दोघांतले अंतर हा तुमचा खरा विषय होऊ शकतो, आणि लॉबिंग कायद्यात तो अजून कुणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेऊन तपासलेला नाही.